आत्याची मुलगी कोण लागते?

मी बारावीला होते त्या वर्षी आप्पा, म्हणजे माझे वडील, कामाला होते ती फौंड्री बंद पडली. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये ते वीस वर्षं मोल्डर होते. वाळूत साचा धरायचा, त्यात लोखंडाचा तापलेला रस ओतायचा, थंड झाला की वाळू फोडून जॉब, म्हणजे ओतलेला भाग, बाहेर काढायचा. दुसरं काम त्यांना येत नव्हतं. भट्टीकडं बघून बघून डाव्या डोळ्यापुढं एक पांढरा ठिपका कायमचा बसला होता, त्यामुळं दुसऱ्या फौंड्रीवाल्यांनीही त्यांना उभं केलं नाही. चार महिने ते घरात बसून होते. मग एका शाळेच्या गेटवर दुपारच्या पाळीचा वॉचमन म्हणून लागले.

अव्वा, माझी आई, एका खानावळीसाठी भाकऱ्या थापायला लागली. आमची खोली एकच. निम्म्यात चूल आणि पिठाचे डबे, निम्म्यात आम्ही. पहाटे तिच्या थापण्याच्या आवाजानं जाग यायची. खानावळीला चिरलेली भाकरी चालत नाही, म्हणून चिरलेल्या तेवढ्या आमच्या वाटणीला यायच्या. त्या तीन-चार वर्षांत माझ्या ताटात अखंड भाकरी पडलेली मला आठवत नाही. मी बी.एस्सी. झाले ती त्या चिरलेल्या भाकरीवर. हे मी अजूनही सांगते, ऐकणारे कंटाळले तरी सांगते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेलं माझ्याआधी कुणी नव्हतं.

पुढं एम.सी.ए. करायचं मी ठरवलं. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. राजारामपुरीत गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते, पण त्या क्लासच्या सर्टिफिकिटावर नोकरी मिळत नाही, डिग्री पाहिजे, एवढं मला कळलं होतं. त्यासाठी राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागायची. सरकारी फीची जागा मिळाली तर शिक्षण, नाही तर विषय संपला. परीक्षेत निम्मं गणित आणि निम्मं तर्काचं. गणिताची मला भीती नव्हती. तर्काचं पुस्तक कॉलेजातल्या गणिताच्या सरांनी त्यांचं स्वतःचं दिलं. पुस्तक इंग्रजी होतं, मी मनातल्या मनात मराठी करून सोडवायची.

नात्यांच्या धड्यातला एक प्रश्न मला अजून पाठ आहे. क्यू हिच्या वडिलांची बहीण पी. पी हिची मुलगी आर. तर आर ही क्यूची कोण? पर्याय चार : आई, मावशी, आतेबहीण, माहिती अपुरी.

आता आमच्या घरची गोष्ट सांगायला हवी. आप्पांचं लग्न त्यांच्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या मुलीशी झालं होतं. आमचं मूळ गाव गडहिंग्लजच्या खालच्या अंगाला, कर्नाटकाच्या हद्दीजवळ. तिकडं मुलगी मामाला द्यायची रीतच होती. अनोळखी उंबऱ्यात घालण्यापेक्षा पोर आपल्याच माणसांत राहते, असा हिशेब. म्हणजे अव्वा ही आप्पांची भाची. आणि आप्पांची बहीण ही माझी आत्याही आणि आईची आई म्हणून आज्जीही. मी तिला आज्जीच म्हणायची. अव्वाचा भाऊ, माझा मामा, लहानपणी आप्पांना मामा म्हणायचा. बहिणीचं लग्न झाल्यावर दाजी म्हणायला लागला. पण रागाला आला की त्याच्या तोंडून पुन्हा "मामा"च निघायचं.

तेव्हा वडिलांच्या बहिणीची मुलगी कोण, असं मला कुणी विचारलं तर माझ्या डोळ्यांपुढं चुलीपुढची अव्वा उभी राहणार. पण सगळ्यांच्या घरी असं नसतं हेही मला ठाऊक होतं. कुणाच्या घरी ती आई असेल, कुणाच्या घरी आतेबहीण. म्हणून मी छातीठोकपणे खूण केली : माहिती अपुरी. मागं उत्तर बघितलं तर आतेबहीण. मला वाटलं, छपाईची चूक. निळ्या शाईनं मी ते उत्तर खोडलं आणि शेजारी बरोबर उत्तर लिहिलं.

एकदा हात सुटल्यावर काय. पुढच्या धड्यात दिलं होतं : सगळे बैल दूध देतात, दूध देणारी सगळी जनावरं पांढरी असतात, म्हणून सगळे बैल पांढरे. पुस्तक म्हणत होतं, निष्कर्ष बरोबर. मी समासात लिहिलं, "बैल दूध देत नाही. पांढरे फक्त खिलार जातीचे." पुस्तकातल्या अशा बऱ्याच चुका मी दुरुस्त केल्या. आपल्यानंतर हे पुस्तक ज्याच्या हातात पडेल त्याचं भलं होईल, असंच मला वाटत होतं.

निकाल लागला. गणितात मी वरच्यांत होते. तर्कात इतके कमी गुण पडले की सगळं मिळून यादीत माझं नाव कुठंच नव्हतं.

मी पुस्तक परत करायला गेले. सरांनी चाळता चाळता उत्तरांची पानं उघडली आणि त्यांचा हात थांबला.

"हे कुणी सुधारलंय?"

"मी, सर. छपाईच्या चुका होत्या."

सरांनी चष्मा वर केला. बैलावरची माझी टीप वाचून ते खो खो हसले. नात्यांच्या पानावर आल्यावर मात्र हसायचे थांबले.

"इथं माहिती अपुरी कशी काय?"

मी घरचं सगळं सांगितलं. त्यांनी हातात खडू दिला. "काढ बघू फळ्यावर. तुझे वडील, त्यांची बहीण, सगळे."

मी काढायला लागले. साध्या घराचं झाड वरून खाली येतं. आमच्या झाडाची एक फांदी वर वळून पुन्हा बुंध्याला मिळत होती. सरांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"तुझी आई तुझ्या वडिलांच्या बहिणीची मुलगी. बरोबर?"

"व्हय सर."

"मग नात्यानं ती तुझी आतेबहीण लागत नाही का?"

लागत होती की. एकवीस वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"म्हणजे तुझ्या घरीसुद्धा उत्तर आतेबहीणच," सर म्हणाले. "आई हे फक्त तुझ्या घरी खरं. आतेबहीण हे प्रत्येक घरी खरं. परीक्षेला तेच पाहिजे असतं पोरी. दिलेल्या गोष्टी जिथं जिथं लागू होतात, त्या सगळ्या घरांत जे खरं ठरेल ते. तू प्रत्येक प्रश्नात आपलं घर घेऊन शिरलीस. बैलसुद्धा तुझ्या गावचाच."

पुस्तक त्यांनी परत माझ्याच हातात दिलं. "राहू दे तुझ्याकडं. आता मला काय उपयोग त्याचा, सगळी उत्तरं तुझी झाल्यात."

घरी आले तर मामा बसला होता. गडहिंग्लजच्या एस.टी.नं आला होता, सोबत मिरच्यांची पिशवी. तो तिकडं एका साखर कारखान्याच्या ऑफिसात कारकून होता. त्यानं माझ्यासाठी शब्द टाकून हंगामी कारकुनाची जागा धरली होती. दिवाळीनंतर गाळप सुरू होणार, दसऱ्याच्या आत हो म्हणून कळवायचं. राहायला त्याच्या घरी. बी.एस्सी. झालेल्या पोरीला त्या दिवसांत हे कमी नव्हतं, आणि मामाचा माझ्यावर जीव होता म्हणूनच तो एवढं करत होता.

"एकदा बसलीस की परीक्षेला," तो मला म्हणाला. "झालं की. हातचं सोडून पळत्याच्या मागं कशाला?"

"अजून एकदा बसणार हाय मी."

"आणि न्हाय झालं तर? जागा काय तुझी वाट बघत बसतीया?"

अव्वा भाकरी उलटत म्हणाली, "आरं, पोर म्हणतीया तर..."

"तू गप, अक्का. दिवसभर धुरात बसून थापतीयास, तुला हातभार नको?" मग तो आप्पांकडं वळला. "मामा, तुम्ही सांगा हिला."

दाजीचा मामा झाला म्हणजे मामाला राग आलाय हे आम्हा सगळ्यांना कळलं. आप्पा भिंतीला टेकून बसले होते. ते मला म्हणाले, "काय चुकलीस ते मला समजून सांग. मग बोलतो."

आप्पा चौथीपर्यंत शिकलेले. मी त्यांना अव्वाचाच प्रश्न सांगितला, सरांनी काय सांगितलं ते सांगितलं, बैलाचंही सांगितलं. मामा मध्ये मध्ये हसत होता. आप्पा हसले नाहीत.

"म्हंजे हवा गेली म्हण की आत," ते म्हणाले.

"कसली हवा?"

"साच्यात रस ओतताना हवा अडकली की जॉबला आतनं भोकं पडत्यात. वरनं दिसतोय चांगला, पण रिजेक्ट. साच्यात रसाशिवाय काय जायचं न्हाय. तू घरची हवा आत सोडलीस." मग मामाला म्हणाले, "आरं, भोकं कशानं पडल्यात ते कळलंया. आता पुढचा जॉब नीट निघंल. एक वर्ष देतो मी तिला."

"आणि जागा?"

"दे दुसऱ्या कुणाला तरी. त्याचं भलं हुईल."

मामा न जेवताच उठायला लागला. अव्वानं पिशवी धरून त्याला खाली बसवलं. त्या दिवशी त्याच्या ताटात अखंड भाकरी होती, पाहुणा म्हणून. तो जेवला, पण माझ्याशी बोलला नाही.

त्यानंतर आमची तालीम सुरू झाली. भाकऱ्यांचे डबे खानावळीत पोचले की आप्पांची पाळी सुरू होईपर्यंतचा वेळ आमचा. मी प्रश्न मराठीत वाचायची, एकेक पायरी तोंडानं सांगायची. आप्पा मांडीवर पितळी ताट आणि हातात चमचा घेऊन बसायचे. फौंड्रीत जॉब तपासताना हातोडीनं हलकं ठोकून बघतात. चांगला जॉब खणकन वाजतो, आतून तडा असला तर बद्द आवाज येतो. आप्पा तसंच करायचे. पायरी दिलेल्या गोष्टीतनं निघाली असली की ताट खणकन वाजायचं. मी मनचं काही घुसवलं की ते तळहातानं ताट दाबून चमचा मारायचे, बद्द.

"दिलंय का?" एवढंच विचारायचे.

"पाच जण रांगेत हाईत. डॉक्टर वकिलाच्या शेजारी. डॉक्टर हा तर बाप्याच..."

बद्द. "दिलंय का?"

"न्हाय. डॉक्टर बाई पण असंल."

खण्ण.

पहिले काही आठवडे आमच्या खोलीत बद्दच जास्त वाजायचं. शेजारीण एकदा दारात येऊन विचारून गेली, पोरीला काय झालंय, आरती चाललीया का सकाळ-सकाळ. मला रागही यायचा. गोल टेबलाभोवती सहा माणसं तोंडं आत करून बसली आहेत, असा प्रश्न यायचा. आमच्याकडं जेवण पंगतीत, गोल टेबल मी फक्त हॉटेलात बघितलेलं, तेही बाहेरून. माझे डावे-उजवे सारखे चुकायचे. अव्वानं एका सकाळी पीठ काढून घेतलं आणि परात माझ्यापुढं ढकलली. भोवती सहा वाट्या मांडल्या. "तू स्वतः एकेका वाटीच्या जागी जाऊन बस," म्हणाली. मी परातीभोवती सरकत सरकत बसले. त्या दिवसापासून डावं-उजवं पुन्हा चुकलं नाही.

दसऱ्याच्या आधी आज्जी राहायला आली. म्हणजे आत्या. ती भागातली सोयरिकी जुळवणारी म्हणून नावाजलेली बाई. कुठल्या गावचं कोण कुणाचं काय लागतं, हे तिला तोंडपाठ. मला वाटलं, नात्यांचे प्रश्न ही चुटकीसरशी सोडवेल.

"ए हा बीचा भाऊ. एची बायकू सी..." मी सुरुवात केली.

"ए म्हंजे कोण?"

"कुणीतरी. नाव न्हाय दिलेलं."

"नाव न्हाय? मग गाव?"

"गाव पण न्हाय."

"नाव न्हाय, गाव न्हाय, आणि त्याला बायकू हाय म्हणतीस? पोरगी कुणी दिली त्याला?"

आप्पांनी हसत हसत ताट दाबून चमचा मारला, बद्द. "आक्का, दिलेलं न्हाय ते विचारायचं न्हाय."

"तुला दिली नव्हं पोरगी, इचारूनच दिली," आज्जी म्हणाली. अव्वा चुलीपुढं तोंडाला पदर लावून हसत होती.

दसरा झाला. मामाकडून निरोप आला, जागा दुसऱ्या एकाला दिली. त्या दिवशी मला एकही प्रश्न धड सुटला नाही. अव्वा पहाटेपासून धुरात, आप्पांच्या डोळ्यापुढं तो पांढरा ठिपका, आणि मी परातीभोवती सरकत बसलेली. आता हे जमलं नाही तर परत जायला काहीच राहिलं नव्हतं. आप्पांना ते कळलं असावं. त्यांनी ताट बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "पुन्हा न्हाय होणार असं वाटतंय न्हवं तुला?"

"व्हय."

"दिलंय का ते कुठं?"

मी पुस्तक पुन्हा उघडलं. त्यांनी पुन्हा ताट मांडीवर घेतलं.

थंडीपर्यंत खण्ण वाढायला लागलं. मग वेळेचा घोळ सुरू झाला. मी प्रत्येक प्रश्न सोडवायची, पण एकेकाला चिकटून बसायची. सात मजल्यांच्या इमारतीत सात माणसं, सात धंदे, सात रंग, असला एक प्रश्न सोडवण्यात मी अख्खी सकाळ घालवली. सुटला म्हणून खूश होते. आप्पा म्हणाले, "ओतायच्या डबूत रस किती वेळ धरायचा? थंड झालेला रस ओतला तर जॉब जुळत न्हाय. सुटत न्हाय तो सोड, पुढचा साचा वाट बघतोय." तेव्हापासून मी घड्याळ समोर ठेवून सोडवायला शिकले. सोडून देणं हे सोडवण्यापेक्षा अवघड होतं. माझ्यासारख्या हट्टी बाईला तर फारच.

या सगळ्यात मला "दिलंय का?"ची खोडच लागली. अव्वा म्हणाली, आज पाऊस येणार वाटतं. मी म्हणाले, दिलंय का? तिनं उलथनं उगारलं. पुढं पुढं तीच मला म्हणायला लागली.

परीक्षा कोल्हापुरातच होती. आप्पांनी पाळी बदलून घेतली आणि माझ्याबरोबर आले. गेटवरच्या वॉचमननं त्यांना अडवलं, "पावणं, तुम्हाला आत जाता येणार न्हाय." आप्पा म्हणाले, "ठाऊक हाय की. मी पण त्येच सांगत असतो लोकांना." दोन वॉचमन एका बाकावर बसले. मी आत गेले तेव्हा त्यांचं शाळा मोठी की कॉलेज मोठं यावर चाललं होतं.

पेपरात मजल्यांचा प्रश्न आला. वाचला, एक-दोन रेघा मारल्या, घड्याळ बघितलं आणि सोडला. पुढं नात्यांचे प्रश्न होते. त्यातला एक वाचला आणि मला हसू फुटलं. अक्षरं वेगळी होती, घर तेच होतं. वडिलांची बहीण, तिची मुलगी, ती माझी कोण. पर्यायांत पहिलाच पर्याय आई. क्षणभर अव्वा आली की समोर, पिठाच्या हातांसकट. मी तिला म्हटलं, जरा बाजूला हो. आतेबहीण असलेला गोल काळा केला आणि पुढं गेले.

बाहेर आले तर आप्पा उभेच. त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. घरी गेल्यावर मात्र मी अव्वाला म्हणाले, "आज तुला आतेभैन करून आले बघ."

"मग? न्हाय व्हय मी?" ती म्हणाली आणि ताट वाढायला घेतलं.

निकालाच्या दिवशी मामा अचानक आला होता. कामासाठी कोल्हापुरात आलोय म्हणाला, काम काय ते त्याला सांगता आलं नाही. यादी मीच बघून आले. घरात शिरून सांगितलं, यादीत नाव आहे. मामा आप्पांचा हात धरून म्हणाला, "दाजी, जमलं की हो पोरीला." दाजी म्हणाला, म्हणजे राग गेला होता.

त्या वर्षी मला कोल्हापुरातच सरकारी फीच्या जागेवर एम.सी.ए.ला प्रवेश मिळाला. तीन वर्षांनी मी पहिल्या वर्गात पास झाले आणि नोकरीला लागले. आमच्या घराण्यातली पहिली डिग्री माझी आहे, आणि दुसरीही माझीच.